दिवसाउजेडी

राजमतीवहिनी गच्चीवर विचारतात, काय पाहिलंत तिकडं?
मी म्हणते, ऊन.
त्या हसतात. बर्फाच्या देशात जाऊन ऊन बघून आली
म्हणून उद्या गावभागभर होईल.

पण खरंच सांगते.
मार्केट यार्डातली हळदीची अडत मुलाच्या हाती देऊन
यांनी आइसलँडच्या बोटीची दोन तिकिटं काढली, तेव्हा
मी एवढंच विचारलं होतं: तिकडं दिवस कधी मावळतो?
माझं जेवण सूर्याशी बांधलेलं.
आईकडनं आलेलं, दागिन्यासारखं नव्हे,
उंचीसारखं.
हे म्हणाले, कॅप्टनला विचारू.

बोट कसली, गणपती पेठ उभी केलेली,
अकरा मजली.
वाढायला जोएल नावाचा पोरगा, फिलिपाइन्सचा.
नो पोटॅटो, नो कांदा, मॅम.
कांदा हा शब्द मी त्याला दिला
आणि त्यानं तो शेवटपर्यंत जपून वापरला.

इसाफ्योर्दुर. नाव जिभेवर बसायला दोन दिवस,
गाव फिरायला चाळीस मिनिटं.
धक्क्यावर मासळीचा वास. पदर नाकाला लावला,
मग काढला.
आपल्या यार्डातनं तरी परका माणूस
शिंकल्याशिवाय कुठं बाहेर पडतो?

अकुरेरीला सिग्नलचा लाल दिवा बदामाचा, पत्त्यातल्या.
हे रस्ता ओलांडेचनात.
हिरवा झाला तरी पुन्हा लाल व्हायची वाट बघत
तीनदा थांबले.
एवढं थांबणं यांच्यात होतं
हे मला एकोणचाळीस वर्षांनी कळलं.

हुसाविकला देवमासा. सगळ्यांचे मोबाइल वर.
मला शेपूट दिसलंच नाही,
ऐकू आला तो श्वास:
पाठीवरचं पोतं थप्पीवर टाकल्यावर
हमाल सोडतो, तसा.

आणि दिवस? तो मावळेचना.
रात्रीचे दहा, खिडकीत ऊन. अकरा, ऊन.
हे खुशाल ताट घेऊन बसले.
सूर्य आहे ना वर? मग नियमात बसतंय.

माझं घड्याळ मात्र सांगलीवरच होतं.
तिथली दुपार दीडवर आली
की इकडं सांगलवाडीच्या मागं सूर्य टेकलेला.
मी दीडच्या आत हात धुई.
पुढं नुसता उजेड, लांबच लांब,
धुऊन वाळत घातलेल्या, कुणीच न काढलेल्या पातळासारखा.

जोएलला कळेना, मॅम भर उन्हात जेवत का नाहीत.
म्हटलं, माझ्या घरी रात्र आहे.
तो ताटल्या हातात घेऊन तसाच उभा.
म्हणाला, माझ्या घरी पहाटेचे चार.
आई उठली असेल.

एका रात्री बोट खूप वर गेली.
सगळे डेकवर, ब्लँकेटं गुंडाळून.
सूर्य पाण्याला टेकला
आणि भाव ऐकून दारातनं मागं वळलेलं गिऱ्हाईक
काहीतरी आठवून परत यावं
तसा परत वर आला.

मी मनगट बघितलं. सहा वाजून गेलेले.
म्हणजे सांगलीतही उजाडलं होतं.
तिथला सूर्य वर, इथला सूर्य वर,
एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच
दोघांचं एकमत.
तरी दोन घटका थांबले. सवय.

मग पर्समधनं भडंग काढला, बिनलसणाचा.
रात्री दीडच्या पिवळ्या उन्हात
वाऱ्यानं चुरमुरे उडत होते,
हे खात होते, जोएल ड्यूटी संपवून आलेला,
त्यालाही मूठभर.
तिखट लागलं त्याला. डोळ्यांतनं पाणी.
आईची आठवण झाली, म्हणाला.
असेल, तेही असेल.

आता यांचं घड्याळ अजून तिकडचंच आहे.
मिळवत नाहीत. विचारलं तर म्हणतात, राहू दे.
वहिनी, मी उठते.
सांगलवाडीकडं बघा, टेकत आलाय.
आणि हा काही
परत फिरणाऱ्यातला नाही.